दहा वाजेपर्यंत मी बरा होतो

लकव्यातून सावरलेल्या माणसानं आपला अनुभव लिहावा, वाचणाऱ्याला धीर येतो, असं मला व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी सांगितलं. धीर द्यावा असं माझ्याजवळ फारसं काही नाही. जे झालं ते सांगतो. डाव्या अंगठ्यानं मोबाईलवर लिहितो, म्हणून वाक्यं लहान आहेत. मुलगी नंतर शुद्धलेखन बघून देणार आहे. मजकूर बदलायचा नाही, असं तिला बजावलं आहे.

वर्ध्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. मोठा भाऊ, म्हणजे दादा, गल्ल्यावर बसतो. मी भांड्यांवर नावं टाकायचो. मशीन हातात धरून पितळेवर, स्टीलवर अक्षरं कोरायची. लग्नसराईत दिवसाला दीडदोनशे नावं व्हायची. माझं अक्षर बघून लोक आर्वीवरून, हिंगणघाटवरून यायचे. बोरगाव मेघेत एकाच घरात आम्ही राहतो, दादा वर, मी खाली.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. बीपीची गोळी मी नेमानं घेत नव्हतो. संपली की आठ-आठ दिवस आणायचो नाही. हा दोष माझा आहे.

दुसरी गोष्ट, मी दारू प्यायचो. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण ज्याला प्यायची त्याला मिळते. दुकानातसुद्धा प्यायचो. ग्राहकांसमोर झोकांड्या जायच्या. मग दादा मला धरून मागच्या खोलीत न्यायचा आणि बाजेवर टाकायचा. नऊ वर्षांपूर्वी सोडली. त्यानंतर एक थेंब नाही. घरच्यांनी माझ्यावर पुन्हा विश्वास टाकला, असं मला वाटत होतं.

पवनारच्या बाई

एप्रिलचा महिना होता. संध्या, माझी बायको, दोन दिवसांसाठी अल्लीपूरला माहेरी गेली होती. ऋतुजा, माझी मुलगी, सकाळी सातलाच कॉलेजला गेली होती. मी स्वतः चहा केला, पोळी गरम केली, स्कूटर काढली आणि नऊला दुकान उघडलं. दादा मागून आला. चांगला बोललो त्याच्याशी. पंख्याचं रेग्युलेटर बिघडलंय, असं बोलणं झालं.

पहिलं गिऱ्हाईक पवनारच्या एक बाई. भाजी घेऊन बाजारात बसतात. मुलीचं लग्न होतं, अकरा भांड्यांवर नाव टाकायचं होतं. सहा भांडी झाली. सातव्यावर 'शी' काढला आणि 'त' काढताना मशीन घसरलं. मला वाटलं, हात घामेजला. पुसून पुन्हा धरलं, तर बोटं मशीन धरतच नव्हती. मशीन मांडीवर पडलं आणि तिथेच घुरघुरत राहिलं. ते बंद करायचं कसं, हे मला कळत होतं. हात करत नव्हता.

समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. दहा वाजले होते. मिनिटकाटा बरोबर बारावर होता.

बाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं तोंड काऊन असं वाकडं होऊन राह्यलं?"

मला म्हणायचं होतं, काही नाही, गरगरतंय. तोंडातून निघालं ते शब्द नव्हते. एक लांबट, ओला आवाज निघाला. मी उभा राहायला गेलो आणि घागरींच्या उतरंडीवर आदळलो.

दादा धावत आला. त्यानं मला काखेत धरून उचललं आणि माझ्या तोंडाला नाक लावून वास घेतला.

बाई म्हणाल्या, "आमच्या बुढ्याले असंच झालतं. लकवा होय हा. दवाखान्यात न्या यायले."

दादा म्हणाला, "काही नाई बाई. जुनी सवय हाय याची. तुमची भांडी उद्या घेऊन जाजो."

अनोळखी बाईला सांगितलं त्यानं. मी ऐकत होतो.

मागची खोली

मला त्याच खोलीत नेलं, त्याच बाजेवर टाकलं. लोकांना वाटतं, लकवा झालेला माणूस बेशुद्ध असतो. मी पूर्ण शुद्धीत होतो. माणसं काय बोलतात ते सगळं कळत होतं. फक्त माझं काही बाहेर जात नव्हतं.

दादानं लिंबूपाणी आणलं. उतरायला म्हणून. डोकं धरून पाजलं. निम्मं उजव्या ओठातून गळ्यावर सांडलं, उरलेलं भलतीकडेच गेलं. मी खोकत सुटलो, जीव घाबरा झाला. तो पाठीवर थापटत म्हणत होता, "काऊन केलं रे असं? नऊ वर्सं झाली ना बे. पोरीच्या तोंडाकडं तरी पाह्यचं होतं."

मग त्यानं संध्याला फोन लावला. स्पीकर सुरू होता. त्याचे कान जरा कमी आहेत, तो नेहमी स्पीकरच लावतो.

"दिनू घेऊन बसला बाप्पा पुन्हा," तो म्हणाला.

मग संध्या म्हणाली, "वास येऊन राह्यला का?"

"वास नाई. पण आजकाल काय काय मिळते. चालता येत नाई, बोलता येत नाई."

मी बाजेवरून ओरडत होतो. माझ्या मनात मी म्हणत होतो, संध्या, नाही गं. तिच्या कानावर काय गेलं असेल, तर दारूड्याचं बरळणं. तसंच ते गेलं.

"झोपू द्या," ती म्हणाली. "मी संध्याकाळच्या गाडीनं येतो. आता काय घाई करून करू."

फोन ठेवला. दादानं दार लोटून घेतलं, ग्राहकांना दिसू नये म्हणून.

त्या खोलीत मी अडीच तास होतो. भिंतीला लावलेल्या परातींमध्ये माझं तोंड दिसत होतं. एक बाजू माझी, दुसरी लोंबलेली. मधल्या वेळात कपड्यातच लघवी झाली. दादा एकदा डोकावला, ते बघितलं आणि त्याची खात्रीच पटली.

"बाबा, हसा"

ऋतुजा कॉलेजमधून साडेबाराला दुकानात आली. घरी कोणी नाही म्हणून माझ्यासाठी डबा आणला होता. दादा तिला मागे जाऊ देत नव्हता. "नको जाऊस माय, बाबा झोपला हाय," असं म्हणताना ऐकू आलं. ती तरी आली.

तिनं वास घेतला नाही. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, हसा."

मला वाटलं, हीसुद्धा थट्टा करते आहे.

"हसा ना बाबा. दात दाखवा."

मी प्रयत्न केला. तिचा चेहरा बदलला. मग म्हणाली, दोन्ही हात वर करा. डावा वर गेला. उजवा तिनंच उचलून सोडला, तो मांडीवर आदळला. तिचं नाव विचारलं. माझ्याच पोरीचं नाव. ते मला माहीत होतं आणि म्हणता येत नव्हतं.

एवढंच केलं तिनं. तोंड, हात, बोलणं. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. कॉलेजच्या कुठल्याशा शिबिरात त्यांना हे शिकवलं होतं. ही तीन कामं तिथल्या कोणालाही करता आली असती. दादाला येत नव्हती, हे मी समजू शकतो. पण त्या बाईंनी त्याला आजाराचं नाव सांगितलं होतं.

"मोठेबाबा, हे दारू नाई, लकवा होय. ऑटो बोलवा," ती ओरडली. दादा तेवढ्यातही म्हणाला, "हळू बोल. लोक ऐकतीन."

कधीपासून?

मोठ्या दवाखान्यात आम्ही एकच्या सुमारास पोचलो. त्या इमर्जन्सी विभागाबद्दल माझी काही तक्रार नाही. स्ट्रेचरवर घेतलं, बोटाला टोचून साखर बघितली, बीपी बघितलं, सलाईनची सुई लावली आणि लगेच डोक्याच्या सीटी स्कॅनला नेलं. सगळं भराभर. तरुण डॉक्टरबाई होत्या. साखर आधी का बघतात, तेही त्यांनी सांगितलं. साखर एकदम उतरली तरी माणूस असाच दिसतो.

स्कॅनवरून परत आणलं तेव्हा ऋतुजा केसपेपर काढायला खिडकीवर गेली होती. माझ्याजवळ एकटा दादा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्तस्राव नाही. गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला तर त्यानंच रक्तस्राव होतो. म्हणून मला नीट सांगा, हे शेवटचे ठीक कधी होते? तुम्ही स्वतः ठीक बघितलं, ती वेळ सांगा."

भिंतीवर पावणेदोन वाजले होते. दहा ते पावणेदोन. मी भांड्यांचा माणूस आहे, पण एवढा हिशेब मला येतो. पावणेचार तास. मी वेळेच्या आत होतो. पाऊण तास उरला होता.

दादानं माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरबाईंकडे. मग म्हणाला, "रात्री जेवून झोपला तवा ठीक होता. सकाळी उठला तं असाच होता मॅडम. तसाच दुकानात आला."

मला प्रथम वाटलं, माझ्या ऐकण्यातच काही बिघाड झाला आहे.

"नक्की? सकाळी कोणीच ठीक बघितलं नाही?"

"नाई. उठला तवापासूनच."

मी सगळा जोर लावला. मला एकच शब्द म्हणायचा होता. दहा. जीभ वर जात होती, पुढचं अक्षर येत नव्हतं. "दा," मी म्हणालो. "दा... दा..."

दादा रडायला लागला. माझा हात धरून म्हणाला, "मले बोलावून राह्यला. इथंच हाओ मी दिनू, इथंच हाओ."

मी त्याच्या हातातून डावा हात सोडवला. पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाच आणि पाच. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांसमोर धरला. त्या माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "छान काका, डावा हात चांगला चालतो आहे." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

ऋतुजा केसपेपर घेऊन परत आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की इंजेक्शनची वेळ निघून गेली आहे. कागदावरच्या वेळेप्रमाणे ते बरोबरच होतं. डॉक्टरांचं चुकलं नाही. त्यांनी विचारलं होतं.

वॉर्ड

सतरा दिवस वॉर्डात होतो. लिंबूपाणी छातीत उतरलं होतं, त्याचा ताप आला. नाकातून नळी, लघवीला नळी. सकाळी साफसफाई, मग डॉक्टरांची फेरी, मग व्यायाम, मग नळीतून पातळ पेज. संध्या रोज पहाटे उठून पेज करून आणायची. माझ्याकडे बघायची नाही. पायांना तेल लावायची, चादर बदलायची, आणि नजर पायांवरच ठेवायची.

नातेवाईक येत. माझ्या उशाशी उभं राहून मी नसल्यासारखं बोलत. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. एक जण म्हणाला, पिणाऱ्याचं असंच होते. दादा शेजारी उभा होता. त्यानं "नाही, तो प्यायला नव्हता" असं म्हणायला हवं होतं. तो डब्याचं झाकण लावत राहिला.

एक वयस्क सिस्टर होत्या. त्या नळी बदलायच्या आधी मला सांगायच्या. "काका, आता जरा दुखेल. डोळे मिटा म्हणजे मला कळेल तुम्ही तयार आहात." मी डोळे मिटेपर्यंत थांबायच्या. त्या सतरा दिवसांत माझी परवानगी घेणारं तेवढं एकच माणूस होतं. त्यांच्यासमोर मी एकदा रडलो. त्यांनी विचारपूस केली नाही, तोंड पुसून दिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

एकच शब्द

घरी आल्यावर दुसऱ्या महिन्यात माझा पहिला धड शब्द आला. दहा.

पाणी हवं का विचारलं, तर दहा. दुखतं का विचारलं, तर दहा. बोलणं शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, मेंदूला मार बसल्यावर एखादा शब्द असा अडकून बसतो, त्याला अर्थ नसतो. संध्या पाहुण्यांना तसं सांगायची. दादा खाली यायचा. मी 'दहा' म्हटलं की उठून वर जायचा. तोच एक होता ज्याला अर्थ कळत होता.

ऋतुजानं शोधलं. तिनं दवाखान्याची फाईल लावायला घेतली होती. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, इथं लिहून हाय का सकाळी उठले तवापासून त्रास. असं कसं? तुम्ही स्कूटर चालवत गेले ना दुकानात?"

मी पंजा उघडला, मिटला, उघडला.

ती बघत राहिली. "दहा," ती म्हणाली. "दहा वाजता झालं?"

मी रडलो. उजव्या बाजूनं लाळ गळत होती, ती पुसायचं मला सुचलं नाही. तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी ती पवनारला गेली. बाजारात विचारत विचारत त्या बाईंचं घर शोधलं. बाई म्हणाल्या, "हो वं माय, सहा भांड्यांवर नाव टाकलं त्यायनं माह्यासमोर. चांगले बोलून राह्यलते."

त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर दादाला विचारलं. दादा आधी चिडला. मग बसला. मग म्हणाला, "काय सांगत मी त्या मॅडमले? दहा वाजता पडला अन् आम्ही तीन तास दार लावून ठेवला? काऊन ठेवला, असं इचारलं असतं तं? दारूड्या भाऊ म्हणून लिहिलं असतं कागदावर. मग कोण हात लावते? मले वाटलं, वेळ मागंपुढं सांगितली तं काय फरक पडते. मले त्या इंजेक्शनचं समजलंच नाई."

त्याला समजलं होतं. डॉक्टरबाईंनी आधी इंजेक्शनचं सांगितलं, मग वेळ विचारली. मी तिथं होतो.

संध्या उठली. स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सुरू होता.

इंजेक्शन मिळालं असतं तर मी नक्की बरा झालो असतो, असं कोणी लिहून देत नाही. कदाचित हात आला असता. कदाचित नसता. पण तो 'कदाचित' माझा होता. तो दादानं मला न विचारता देऊन टाकला.

संध्या

तिच्याबद्दल लिहायला मला सगळ्यात जड जातं. तिनं माझी जी सेवा केली ती कोणी करणार नाही. आणि तिनंच "झोपू द्या" म्हटलं होतं.

एकदा दुपारी मला भरवताना ती अचानक म्हणाली, "तुम्ही ऐकलंतं ना, फोनवर?"

मी मान हलवली.

"आधीच्या येळी मी दर बारीनं धावत आली. दर बारीनं तुम्ही प्यायलेलेच निघाले. एका बारीनं नाई आली." तिनं घास खाली ठेवला. "मले माफ करता का?"

तेव्हा मला दोन-तीन शब्दांची वाक्यं जमायला लागली होती. मी बराच वेळ शब्द शोधला. "अजून नाही," असं म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. घास उचलून पुन्हा माझ्या तोंडाशी आणला. मी खाल्ला.

तिचं बरोबर होतं, हे मला माहीत आहे. आधीची सगळी वर्षं मीच तिला तसं वागायला शिकवलं होतं. म्हणून राग कमी होत नाही. त्या रागाला ठेवायला जागा मिळत नाही, एवढंच.

ओपीडी

परवा तपासणीची तारीख होती. ऋतुजाची परीक्षा होती, म्हणून दादा सोबत आला. त्यानं मला ऑटोत बसवलं, उतरवलं, काठी हातात दिली. हे सगळं तो मनापासून करतो. आमच्यात बोलणं होत नाही.

त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बीपी बघितलं, गोळ्या नियमित घेतो का विचारलं. आता घेतो. त्यांनी कागद मिटला तेव्हा मी म्हणालो, "थांबा."

त्या थांबल्या. माझ्या मागे रांग होती. त्या तरी थांबल्या.

मी म्हणालो, "सकाळी... उठलो... बरा. दुकान... उघडलं. नावं टाकली. दहा वाजता... झालं. कागद... खोटा."

एवढं म्हणायला मला किती वेळ लागला कोण जाणे. दादा खुर्चीमागे उभा होता. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता.

डॉक्टरबाईंनी फाईल उघडली, जुना कागद वाचला. मग मान वर करून दादाला विचारलं, "हे बरोबर आहे?"

दादानं मागे वळून बघितलं. रांगेतली माणसं बघत होती. मग तो म्हणाला, "हो. दहा वाजता."

त्या म्हणाल्या, "जुना कागद मला बदलता येत नाही. आजच्यावर लिहिते." त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. लक्षणे सकाळी दहा वाजता सुरू झाली, असे रुग्णाने स्वतः सांगितले. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला पंजा दाखवला होता. मला आठवतं. मी वेगळं समजले."

त्यांनी माझी माफी मागितली नाही. मागायचं कारणही नव्हतं. पण त्यांचा आवाज बदलला होता.

बाहेर आल्यावर दादानं औषधांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ऑटो शोधत उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं तुह्यं समाधान?"

मी म्हणालो, "नाही."

हा शब्द मी न अडखळता म्हणालो.